पुढच्या रक्ततपासणीची चिठ्ठी आजच द्यावी
मेथोट्रेक्सेट हे औषध घेणारा संधिवाताचा रुग्ण रक्ततपासणीच्या अहवालाविना आला, की मात्रेचा निर्णय अडतो आणि त्याला त्याच कामासाठी पुन्हा यावे लागते. त्यावर सोपा उपाय असा:

१. रुग्ण निघण्यापूर्वीच पुढच्या भेटीची तारीख ठरवून रक्तगणना, यकृताची एन्झाइम्स आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम दाखवणारी तपासणी) यांची चिठ्ठी त्याच्या हाती द्यावी. उपचाराच्या पहिल्या ३ महिन्यांत ही तपासणी साधारण २ ते ४ आठवड्यांनी आणि प्रकृती स्थिर झाल्यावर ८ ते १२ आठवड्यांनी करतात.

२. चिठ्ठीवर ‘भेटीच्या ४ दिवस आधी रक्त द्यावे’ असे ठळक अक्षरांत, प्रत्यक्ष तारखेसह लिहावे. नुसते तोंडी सांगितलेले रुग्णाच्या लक्षात राहत नाही.

३. स्वागतकक्षातील सहायकाने भेटीच्या २ दिवस आधी अहवाल आला का ते पाहावे आणि आला नसल्यास फोन करावा. माझ्या मते सगळी पद्धत या फोनवरच उभी आहे, म्हणून हे काम एकाच व्यक्तीकडे ठेवावे.

मात्र ताप, तोंडातील फोड, कोरडा खोकला किंवा धाप अशी तक्रार असलेल्या रुग्णाची भेट अहवाल नाही म्हणून कधीही पुढे ढकलू नये; त्याला त्याच दिवशी तपासावे.