रणगाड्यांची जुनी छायाचित्रे : या चुका टाळा

डिसेंबर जवळ आला की पुण्यात विजय दिवसाची प्रदर्शने, शाळांचे भित्तिफलक आणि मोबाइलवरून फिरणाऱ्या चित्रमालिका यांचा हंगाम सुरू होतो, आणि रणगाड्यांच्या छायाचित्रांखाली दरवर्षी त्याच त्या चुकीच्या ओळी छापल्या जातात. परमवीर चक्र विजेते अरुण खेत्रपाल यांचा जन्म पुण्याचा, पूना हॉर्स या रेजिमेंटच्या नावातच पुणे, आणि चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र व रणगाडा संग्रहालय तीन तासांवर नगरला. इतके सगळे हाताशी असूनही ‘शत्रूचा पॅटन’ म्हणून भलताच रणगाडा छापला जातो तेव्हा वाईट वाटते आणि थोडा रागही येतो.

दिसला रणगाडा की म्हणे पॅटन

आपल्याकडची ही सर्वांत जुनी आणि सर्वांत चिवट चूक आहे. १९६५ मध्ये खेमकरणजवळच्या असल उत्तरला पाकिस्तानच्या, अमेरिकन बनावटीच्या पॅटन रणगाड्यांची जी वाताहत झाली, तिच्यामुळे ‘पॅटन’ हे नाव घराघरांत पोहोचले आणि पाकिस्तानचा प्रत्येक रणगाडा पॅटनच असतो अशी समजूत होऊन बसली. प्रत्यक्षात १९७१ मध्ये लोंगेवालावर चालून आलेले रणगाडे चिनी बनावटीचे टी-५९ आणि अमेरिकन शर्मन होते, तर त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये गरीबपूरला आपल्या पीटी-७६ रणगाड्यांनी ज्यांचा फडशा पाडला ते चॅफी होते. वाळूत चक्राकार उमटलेल्या पट्ट्यांच्या खुणा दाखवणारे लोंगेवालाचे हवाई छायाचित्र पुष्कळांनी पाहिलेले असते, आणि त्याखाली ‘पॅटनची दाणादाण’ असे लिहिण्याचा मोह फार थोड्यांना आवरतो.

ओळखण्याची रीत अवघड नाही, फक्त नजर बुरुजावरून खाली आणावी लागते. जमिनीवर टेकलेली मोठी चाके मोजा. पाच चाके असतील, पहिल्या आणि दुसऱ्या चाकांमध्ये ठळक फट असेल आणि वरच्या बाजूला पट्टा तोलणारे छोटे रोलर नसतील, तर तो टी-५४, टी-५५ किंवा टी-५९ या कुळातला आहे. पॅटनला सहा मोठी चाके असतात आणि वर रोलर असतात. तेही मोजावेत, कारण पॅटनच्या दोन प्रकारांपैकी एम-४७ ला तीन आणि सुरुवातीच्या एम-४८ ला पाच रोलर होते. समोरून घेतलेल्या छायाचित्रात एम-४७ च्या दर्शनी पत्र्यावर मशीनगनचे भोक दिसते, तर एम-४८ चा पुढचा भाग होडीच्या तळासारखा गोलसर असून त्यावर मशीनगन नसते. असल उत्तरला हे दोन्ही प्रकार होते, त्यामुळे नुसते ‘पॅटन’ लिहून थांबणे चुकीचे नाही, पण एवढे स्पष्ट दिसत असताना न लिहिणे मला आळशीपणाचे वाटते.

टी-५५ आणि टी-५९ यांचा घोळ सोडवायला १९७१ मधील आपल्याच सैन्याची एक युक्ती उपयोगी पडते. दोन्ही रणगाडे जुळे भाऊ असल्यासारखे दिसत असल्याने आपलाच गोळा आपल्याच रणगाड्याला लागण्याची भीती होती, म्हणून भारतीय टी-५५ च्या नळीवर मधोमध एक खोटे जाड वेष्टन बसवण्यात आले. मूळ टी-५५ मध्ये धूर बाहेर काढणारा हा फुगवटा नळीच्या टोकाशी असतो. त्यामुळे पाच चाकांच्या रणगाड्याच्या नळीवर मध्यभागी फुगवटा दिसला, तर त्याखाली ‘पाकिस्तानी’ लिहिण्यापूर्वी हात आवरावा.

लढाईतले आणि लढाईनंतरचे

पकडलेले आणि निकामी झालेले पॅटन भिखीविंडजवळ आणून रांगेने उभे केले गेले, त्या जागेला पॅटन नगर असे नाव पडले, आणि पुढे त्यांतले बरेच रणगाडे देशभरच्या लष्करी छावण्यांमध्ये स्मारक म्हणून गेले. ‘असल उत्तरच्या रणधुमाळीतील पॅटन’ म्हणून छापली जाणारी कितीतरी छायाचित्रे या रांगेतली असतात. नळ्या एका दिशेला, शेजारी धोतर नेसलेले आणि पगडी बांधलेले बघे, पत्र्यावर खडूने लिहिलेले आकडे, एखादा मुलगा नळीवर बसलेला : एवढे दिसत असताना रणधुमाळी कुठून आली, हे छापणाऱ्याने स्वतःला विचारायला हवे.

मथळ्यावर विश्वास आणि जमिनीकडे पाठ

पुण्यातल्या एका मंडळाने विजय दिवसानिमित्त बसंतरच्या लढाईवर प्रदर्शन भरवले होते, त्याची ही हकिकत आहे. प्रवेशद्वारातच भलामोठा फ्लेक्स होता. त्यावर सेंच्युरियन रणगाडा आणि खाली ‘१६ डिसेंबर १९७१ : खेत्रपाल यांचा फामागुस्ता शत्रूवर तुटून पडताना’ अशी ओळ. आदल्या संध्याकाळी मला मजकूर तपासायला बोलावले, तेव्हा सगळे छापून, ताणून, बांधून झालेले होते. फामागुस्ता हे खेत्रपाल यांच्या सेंच्युरियनचे नाव. छायाचित्रातला रणगाडा सेंच्युरियनच होता, यात वाद नव्हता. पण त्याच्या बाजूच्या पत्र्यावर पांढऱ्या रंगात कोनासारखी मोठी खूण होती, जी इस्रायली सैन्य आपल्या तुकड्या ओळखण्यासाठी वापरते, आणि रणगाड्याभोवती सगळीकडे काळे दगड पसरलेले होते. बसंतर नदीचा तो शकरगढचा भाग गाळाच्या जमिनीचा आहे. तिथे रणगाडे रुतण्याची आणि सुरुंगांची भीती होती, काळ्या पाषाणाचा प्रश्नच नव्हता. छायाचित्र उघडच इस्रायल-सीरिया सीमेवरच्या गोलानच्या पठारावरचे होते.

कार्यकर्त्याचे उत्तर मी विसरलेलो नाही. “अहो सर, काळा दगड काय, आपल्याकडे पण सगळीकडे असतोच की!” पर्वती-सिंहगडाच्या कातळावर वाढलेल्या माणसाला काळा दगड खटकत नाही, हे खरेच आहे, आणि म्हणूनच जमीन मुद्दाम पाहावी लागते. फ्लेक्सचे पैसे गेलेले असल्याने तो तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ईएमईमधून, म्हणजे सैन्याच्या यंत्रदुरुस्ती दलातून, निवृत्त झालेले एक हवालदार नातवाला घेऊन आले. फ्लेक्ससमोर ते बराच वेळ उभे राहिले आणि मग कार्यकर्त्याला शांतपणे म्हणाले, “बाळा, ह्या गाड्याचं इंजिन आमचं नाही.” त्यांनी बोट ठेवले ते रणगाड्याच्या मागच्या भागावर. आपल्या सेंच्युरियनमध्ये पेट्रोलवर चालणारे मीटिऑर इंजिन होते आणि त्याचा मागचा भाग सपाट, उतरता असे. इस्रायलने त्यात अमेरिकन डिझेल इंजिन बसवले, त्यासाठी मागचा भाग उंचवावा लागला आणि पट्ट्यांवरच्या पत्र्यांवर हवा गाळणाऱ्या मोठ्या पेट्या आल्या. ज्यांनी आयुष्यभर ती झाकणे उघडली-मिटली, त्यांना खूण किंवा दगड पाहण्याची गरजच पडली नाही. अखेर मूळ ओळीवर ‘सेंच्युरियन रणगाडा’ एवढेच लिहिलेली कागदी पट्टी डकवली गेली. दुपारच्या वाऱ्यात तिचे एक टोक सुटले आणि खालचा ‘फामागुस्ता’ पुन्हा डोकावू लागला. खरा फामागुस्ता नगरला जतन केलेला आहे. त्याचे चित्र मिळवण्यासाठी गोलानपर्यंत जाण्याचे काहीच कारण नव्हते.

तेव्हापासून माझी सवय अशी आहे की छायाचित्र कागदावर छापून घ्यायचे, खालची ओळ पोस्टकार्डाने झाकायची, आणि चाके, रोलर, नळी, खुणा, जमीन, झाडे, माणसांचे कपडे या क्रमाने जे दिसते ते पेन्सिलीने समासात लिहून मगच पोस्टकार्ड उचलायचे. नवशिक्यांना ही पद्धत फार संथ वाटते. त्यांना मोबाइलवर चित्र शोधून पहिल्या निकालातला मथळा उतरवण्याची घाई असते. तो मथळाही कुणीतरी असाच उतरवलेला असतो.

जर्मन म्हणजे टायगर

दुसऱ्या महायुद्धातला, बाजूला जादा पत्रे लावलेला जर्मन पँझर-४ रुंद आणि दणकट दिसतो, त्यामुळे रशियातील कुर्स्कच्या लढाईच्या प्रत्येक छायाचित्रात लोकांना टायगर दिसतो. पँझर-४ ला आठ लहान चाके आणि वर चार रोलर असतात. टायगरला मोठी, एकमेकांत गुंतलेली चाके असतात आणि रोलर नसतात. पत्रे आड येत असतील तर खालची कड पाहा, चाकांचा आकार तिथे कळतो. जर्मन सरकारी अभिलेखागार आपल्या संग्रहाबरोबर सूचना देते की मूळ मथळे त्या काळच्या प्रचाराचे असू शकतात आणि चुकीचेही असू शकतात. ही सूचना वाचणारे मला फार कमी भेटले.

प्रसिद्ध आहे म्हणून खरे

३० एप्रिल १९७५ रोजी, व्हिएतनाम युद्धाच्या अखेरीस, सायगावच्या राष्ट्राध्यक्ष निवासाचे फाटक तोडणारा रणगाडा म्हणून कित्येक वर्षे ८४३ क्रमांकाचा टी-५४ मिरवला गेला. फ्रेंच छायाचित्रकार फ्रांस्वाझ दमुल्दे हिच्या छायाचित्रात मात्र मुख्य फाटकातून आत येणारा रणगाडा ३९० क्रमांकाचा टाइप-५९ (म्हणजे वर आलेला चिनी टी-५९च) दिसतो, तर ८४३ बाजूच्या फाटकात अडकला होता. हा खुलासा सर्वमान्य व्हायला १९९५ उजाडले. रंगवलेला आकडा भिंग लावून वाचण्याइतके सोपे काम दुसरे नाही, आणि तेच बहुतेक जण टाळतात.

काही किरकोळ, पण रोजच्या चुका

५ जून १९८९ रोजी एकट्या माणसाने अडवलेले बीजिंगचे रणगाडे टाइप-५९ होते, टी-७२ नव्हते, आणि ती जागा तिआनमेन चौकाजवळचा चांगआन मार्ग आहे, प्रत्यक्ष चौक नव्हे.

१५ सप्टेंबर १९१६ रोजी प्रथमच युद्धात उतरलेल्या ब्रिटिश मार्क-१ रणगाड्याला मागे सुकाणूची दोन चाके होती. ती नसतील तर छायाचित्र बहुधा नंतरच्या मार्क-४ चे असते.

के-९ वज्र ही स्वतःच्या पट्ट्यांवर धावणारी तोफ आहे, बुरूज फिरतो म्हणून तिला रणगाडा म्हणू नये.

उलटे छापलेले चित्र ओळखायला समोरून पाहावे : शर्मन आणि एम-४७ ची पुढची मशीनगन आपल्या डाव्या हाताला दिसली पाहिजे.

सॉफ्टवेअरने रंगवलेल्या आणि धारदार केलेल्या चित्रांबद्दल माझे मत कडवट आहे. जर्मन रणगाड्यांचा मूळ रंग फेब्रुवारी १९४३ पासून गडद पिवळा झाला, तरीही त्या उन्हाळ्यातील कुर्स्कचे टायगर राखाडी रंगवलेले मी सतत पाहतो. धारदार करण्याच्या नादात तर यंत्र चाकेच नवी बनवते, आणि मग पाच की सहा हे मोजण्यात अर्थ उरत नाही. मूळ करडी फाइल वेगळी ठेवावी आणि ओळख फक्त तिच्यावरूनच पटवावी.

नेमकी जागा किंवा प्रकार ठरत नसेल, तर ‘पाकिस्तानी रणगाडा, १९६५, पंजाब आघाडी’ एवढेच लिहावे. आयोजकांना अशी ओळ मिळमिळीत वाटते आणि ते तीत एखादे शूर क्रियापद घालायला सांगतात. तशा वेळी मी त्यांना ओळ न देता छायाचित्रच परत मागतो.