रेंज नसलेल्या गावात निरोपांची साठवण कशी सांभाळावी

पर्लकोटा नदीला पूर आला की गडचिरोलीतल्या भामरागडचा रस्ता बंद होतो. आतल्या गावांत तर एरवीही रेंजचा भरवसा नाही. तिथे निरोप माणसासारखा एसटीने जाऊ शकतो. संध्याकाळी आशाताईंच्या फोनमधून मुक्कामी गाडीतल्या फोनमध्ये, सकाळी तिथून तालुक्याला. साठवून, वाहून, पुढे देण्याच्या या पद्धतीसाठी बंडल प्रोटोकॉल नावाचा नियमसंच आहे. त्याची सातवी आवृत्ती २०२२ मध्ये आली. पण वाटेतल्या फोनची जागा मोजकीच असते, म्हणून अशी सोय उभारताना साठवणीचे नियम आधी ठरवा.

पहिलं काम, फोटोंचा कप्पा वेगळा करा. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. ‘औषध संपलं, पाठवा’ हा निरोप ४२ बाइटचा. ३ एमबीच्या एका फोटोच्या जागेत, पत्ता-वेळ धरूनही, असे हजारो निरोप मावतात. एका फोटोपायी औषधाचा निरोप अडू नये.

मग प्रत्येक निरोपाला मुदत घाला. ‘उद्या लसीकरण आहे’ हे परवा पोचून काय उपयोग? औषधाच्या मागणीला मात्र पावसाळ्यात आठवडाभर तरी द्या, पूर कधी ओसरेल सांगता येत नाही. बॅटरी पूर्ण उतरलेल्या फोनचं घड्याळ चुकू शकतं, आणि मुदत त्यावरच मोजली तर चांगला निरोपही बाद होतो. त्यासाठी सातव्या आवृत्तीत निरोपासोबत त्याचं वयही नेता येतं. ती सोय जरूर वापरा.

प्रती मोजूनच वाटा. सुरुवातीला ८ ठेवा, भेटेल त्या फोनला निम्म्या द्या. एकच उरली की ती थेट ज्याची त्यालाच द्यायची. या रीतीला ‘स्प्रे अँड वेट’ म्हणतात. कपाशीवरच्या फवारणीसारखंच, मात्रा बेताची हवी.

पोचपावती आली की निरोप पुसा, पण त्याचा क्रमांक काही दिवस जपून ठेवा. नाहीतर दुसऱ्या फोनमधून तोच निरोप परत आत येतो.

जागा भरलीच, तर आधी मुदत संपलेले काढा, मग ज्यांच्या प्रती जास्त फोनांत गेल्यात ते. ‘सगळ्यात जुना आधी काढा’ हा सोपा नियम इथे लावू नका. पावसाळ्यात सगळ्यात जुना निरोप बहुधा नदीपलीकडे अडकलेल्या गावाचाच असतो. आणि पाठवणाऱ्याच्या फोनमधली मूळ प्रत पोचपावतीपर्यंत हलवायची नाही.

मृग लागण्याआधी एक फोन मुद्दाम खोट्या निरोपांनी भरा, आणि आधी कोणता गळतो ते स्वतः बघा.