संगीताचं शास्त्र शिकताना आणि पदवीचा विचार करताना या चुका टाळा

सिंधुदुर्गात माझ्याकडे गाणं शिकायला येणारी बहुतेक मुलं भजनातून येतात. गणपतीत रात्र रात्र टाळ धरलेला असतो, डबलबारी (दोन भजनी मंडळांचा सामना) ऐकून कान तयार झालेले असतात, लय अंगात असते. तीच मुलं गांधर्व मंडळाच्या ‘मध्यमा’ या परीक्षेच्या लेखी पेपरला अडतात, तेव्हा मला फार वाईट वाटतं. कारण बुद्धीत काही कमी नसतं. शास्त्राची वही एकीकडे आणि गाणं दुसरीकडे, अशी फाळणी आपणच करून ठेवलेली असते.

सगळ्यात मोठी चूक हीच. रागाची माहिती पाढ्यासारखी पाठ करायची. भूप आणि देशकार घ्या. दोन्हीकडे सा रे ग प ध, आरोह-अवरोहही दिसायला सारखेच. पाठांतरावर विसंबलेला मुलगा इथे गोंधळतोच. भूप कल्याण थाटातला (थाट म्हणजे रागांचा गट), वादी म्हणजे मुख्य स्वर गंधार (ग), संवादी म्हणजे दुसरा महत्त्वाचा स्वर धैवत (ध), रात्रीच्या पहिल्या प्रहरातला. देशकार बिलावल थाटातला, वादी धैवत, संवादी गंधार, सकाळचा. हे नुसतं वाचून उपयोग नाही. आधी गंधारावर थांबत, पूर्वांगात (सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात) रमत पाच मिनिटं गा. मग तेच स्वर घेऊन धैवतावर थांबा, उत्तरांगात (वरच्या अर्ध्यात) फिरा. वादी म्हणजे काय ते गळ्याला कळलं की व्याख्या पाठ करावी लागत नाही. माझा नियम असा, की जो राग गाता येत नाही त्याचं टिपण वहीत उतरवायचं नाही.

थाट आणि राग यांची सरमिसळही नेहमीची. थाट गायचा नसतो, ते रागांच्या वर्गीकरणासाठी केलेलं खातं आहे. संगीतशास्त्रकार विष्णु नारायण भातखंड्यांनी (1860–1936) मांडलेले दहा थाट लक्षात ठेवा, पण कल्याण थाट आणि कल्याण राग यांची व्याख्या एकच लिहू नका.

स्वर कागदावर उतरवण्याच्या लेखनपद्धतीत तर हमखास गुण जातात. भातखंडे पद्धतीत स्वरावर टिंब म्हणजे तार (वरचं) सप्तक. विष्णु दिगंबर पलुस्करांच्या पद्धतीत तेच टिंब मंद्र (खालचं) सप्तक दाखवतं आणि तार स्वरावर उभी रेघ येते. समेची (तालाच्या पहिल्या मात्रेची) खूण भातखंड्यांकडे ×, पलुस्करांकडे 1. ‘खाली’ची (टाळी न देता हात सोडायच्या मात्रेची) खूण भातखंड्यांकडे 0, पलुस्करांकडे +. मोबाईलवरून उतरवलेली बंदिश एका पद्धतीची आणि बाईंनी दिलेली दुसऱ्या पद्धतीची असेल, तर पानाच्या डोक्यावर पद्धतीचं नाव लिहून ठेवा.

दुगुन, म्हणजे तालाचे बोल दुप्पट लयीत म्हणणं, चुकते तेव्हा काय होतं? मूल टाळीच भरभर देतं. टाळी आहे त्याच गतीने चालली पाहिजे, एका मात्रेत बोल दोन आले पाहिजेत. रूपक ताल सात मात्रांचा, त्यामुळे दुगुनीचं एक आवर्तन साडेतीन मात्रांत बसतं. समेवर यायचं तर सुरुवात चौथ्या मात्रेच्या मध्यावरून: पहिल्या तीन मात्रा ठायीत (मूळ गतीत), मग ‘ऽती, तीना, धीना, धीना’ (ऽ म्हणजे अर्धी मात्रा थांबणं). हे कागदावर मांडण्याआधी हातावर टाळी देऊन दहा वेळा म्हणा. पखवाज वाजवणाऱ्या मुलांना हे दोन दिवसांत येतं.

आणि पेटी. कोकणात पेटीशिवाय गाणं सुरूच होत नाही, मला तिच्याबद्दल माया आहे. पण पेटीचा शुद्ध गंधार तंबोऱ्यातून आपोआप उमटणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे 14 सेंट (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) चढा असतो. रोज पेटीला चिकटून गाणाऱ्याला श्रुतीचा (स्वरांमधल्या सूक्ष्म अंतराचा) धडा कळणारच नाही. निदान अर्धा तास पेटी बंद ठेवून तंबोऱ्यावर रियाज करा, ॲपमधला चालेल. पावसाळ्यात तबल्याची पुडी (वरचं कातडं) सैल पडून स्वर उतरतो. तेव्हा तबल्याला धरून आपला षड्ज (सा) खाली आणू नका, तबला चढवून घ्या.

आता पदवी. एका विद्यार्थिनीच्या आईने मला विचारलं होतं, “सर, विशारद झाल्यार नोकरी गावात मां?” (विशारद झाल्यावर नोकरी मिळेल ना?) या प्रश्नाला गोड उत्तर देऊ नये. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची विशारद ही मोठ्या मेहनतीची परीक्षा आहे, तिचा मान आहे. पण ती मंडळाची परीक्षा, विद्यापीठाची बी.ए. किंवा बी.पी.ए. (प्रयोगकलांची पदवी) वेगळी. महाविद्यालयात शिकवायचं असेल तर संगीतातली पदव्युत्तर पदवी आणि नेट किंवा सेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा सहसा लागते. विशारदला पदवीची समकक्षता धरतात का, हे जिथे प्रवेश किंवा नोकरी हवी तिथे लेखी विचारा. कोणाच्या तोंडी सांगण्यावर तीन वर्षं लावू नका.

जवळ आहे म्हणून कुठलाही अभ्यासक्रम धरणं हीसुद्धा चूकच. सावंतवाडीच्या मुलाला पणजीचं गोवा कॉलेज ऑफ म्युझिक जवळ पडतं, रत्नागिरीचा मुलगा मुंबई विद्यापीठाच्या संगीत विभागाकडे बघतो. दोन्हीकडे आधी अभ्यासक्रम मागवून घ्या: प्रात्यक्षिकाला किती गुण, प्रवेशाला गायन ऐकतात का, बाहेरच्या राज्यातल्यांना जागा किती, वसतिगृह आहे का. बारावीचा निकाल लागल्यावर धावपळ करण्यापेक्षा हे दिवाळीच्या सुट्टीत उरकून टाका. तेव्हा भजनांचा हंगामही ओसरलेला असतो आणि चाचणीसाठी दोन राग नीट बसवायला हातात सहा महिने उरतात.