मागच्या पाट्यांची तयारी : ड्रॅगच्या शर्यतीला निघण्याआधी

गाडी धुवायला टाकण्याआधी एकदा टॉर्च घेऊन तिच्याखाली आडवे व्हा आणि मागच्या अॅक्सलवर पाटे (लीफ स्प्रिंग) आवळून धरणारे यू बोल्ट बसलेत तिथे बघा. पाटा आणि अॅक्सल यांच्या सांध्यात तांबूस भुकटी असेल, किंवा नटाखाली चंद्रकोरीसारखी चकचकीत रेघ उमटली असेल, तर तिथे लोखंडावर लोखंड घासतंय. अॅक्सल जागचा हलतोय. पाण्याचा फवारा मारला की हा पुरावा वाहून जातो. गेल्या खेपेला मी आधी गाडी धुतली, खाली सगळं लख्ख दिसलं, आणि तिसऱ्या स्टार्टला पाट्याचे थर मधोमध धरणारा सेंटर बोल्ट तुटून अॅक्सलची डावी बाजू बोटभर पुढे सरकली. दिवस तिथेच संपला.

माझी गाडी अॅम्बेसेडर आहे, १८०० सीसी इसुझु पेट्रोल इंजिनाची. मागे अखंड अॅक्सल, दोन्ही बाजूंना पाटे. पद्मिनी, जिप्सी, जुनी जीप अशा पाटेवाल्या, मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांना ही तयारी थोड्याफार फरकाने लागू पडते. पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या गाड्यांचं गणित वेगळं आहे, त्यांनी यातलं काही उचलू नये. शर्यत पाव मैलाची, म्हणजे ४०२ मीटरची असते, पण पकड जमली की नाही हे पहिल्या ६० फुटांत, साधारण १८ मीटरमध्ये कळतं.

यू बोल्ट जुने वापरू नका. एकदा ताणलेला बोल्ट पुन्हा आवळला तरी तेवढी पकड देत नाही. नवे बोल्ट, नवे नट, आणि आवळताना एका बाजूचे चारही नट समोरासमोरच्या जोडीने थोडे थोडे. मग पाट्याच्या पुढच्या डोळ्यातलं, म्हणजे टोकाच्या वळवलेल्या कडीतलं बुश बघा. मागची चाकं गाडीला जो धक्का देतात तो सगळा याच बुशातून बॉडीला पोचतो. पहारीने हलकं उचकटून पाहिलं आणि डोळा सहज मागेपुढे झाला, तर बुश बदलल्याशिवाय पुढचं एकही काम करण्यात अर्थ नाही. जिथे तो डोळा बॉडीला धरलेला असतो तिथला पत्रा स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. जुन्या गाडीत रंगाच्या आत गंज असतो, आणि पत्रा टोचला गेला तर शर्यत पुढच्या वर्षी.

पाट्यांच्या कामासाठी आपल्या सोलापुरात बाहेर जायची गरज नाही. कांद्याच्या हंगामात हैदराबाद रोडला मार्केट यार्डात ट्रकांची रांग लागते. या गावात पाटेवाले मिस्त्री आहेत ते त्या ट्रकांमुळे. मात्र त्यांना नीट सांगावं लागतं. ट्रकवाल्याला ओझं उचलायचं असतं, म्हणून मिस्त्रींचा हात आपसूक एक पाटा वाढवण्याकडे जातो. मला ते म्हणाले, “मालक, एक जादा टाकतो, बसणारच नाही गाडी.” मी म्हटलं, “मामा, गाडी बसू दे, अॅक्सल पिळायला नको.” त्यांना लगेच कळलं, कारण भरलेला ट्रक चढावर उचलताना अॅक्सल कसा पिळतो हे त्यांनी आयुष्यभर पाहिलंय.

हा पीळच सगळ्यात महत्त्वाचा. क्लच झटक्यात सोडला की चाक पुढे फिरतं आणि त्याची उलट प्रतिक्रिया म्हणून डिफ्रन्शियलचं (अॅक्सलच्या मधल्या गिअरच्या गोळ्याचं) नाक, म्हणजे शाफ्ट जोडलेलं पुढचं टोक, वर उचललं जातं. त्याबरोबर पाटा इंग्रजी एस अक्षरासारखा वाकतो, एका क्षणी ताण सोडून परत येतो, पुन्हा वाकतो. वरून आपल्याला ऐकू येतं ते चाकाचं टपटप उडणं. क्रॉस (शाफ्टच्या टोकाचा सांधा), सेंटर बोल्ट, कधी अॅक्सल शाफ्टसुद्धा याच उडण्यात तुटतात. उपाय दोन. पहिला जवळजवळ फुकटचा: पाट्याच्या अॅक्सलपुढच्या अर्ध्या भागात क्लिपा वाढवून पाटे एकमेकांना घट्ट बांधायचे, मागच्या अर्ध्यातल्या क्लिपा सैल ठेवायच्या. पुढचा भाग दांड्यासारखा ताठ राहतो आणि मागचा भाग स्प्रिंगचं काम करतो. अमेरिकेत क्रायसलरने १९६०च्या दशकात ड्रॅगच्या गाड्यांसाठी पुढचा भाग कडक असलेले पाटे काढले होते ते याच तत्त्वावर. दुसरा उपाय ट्रॅक्शन बार. अॅक्सलखालच्या प्लेटला धरलेला चौकोनी पाइप पुढे डोळ्यापर्यंत न्यायचा, टोकाला रबर. नाक उचलायला लागलं की रबर डोळ्याला टेकतं आणि पीळ तिथेच थांबतो. रबर बरोबर डोळ्याखाली यायला हवं. ते अलीकडे पाट्यालाच टेकलं तर पाटा तिथे मोडेल. गाडी खाली दिसावी म्हणून अॅक्सल आणि पाट्यात ठोकळे घातले असतील तर काढून टाका. त्यांनी पिळाचा तरफदांडा लांब होतो आणि केलेलं सगळं वाया जातं.

पुष्कळ पोरं मागचे पाटे मुद्दाम मऊ करतात, गाडी बुड टेकून उठली की वजन मागे आलं असं समजून. तसं नाही. मागे किती वजन येणार हे वेग किती झपाट्याने घेतला, वजनाचं केंद्र किती उंच आणि दोन अॅक्सलमधलं अंतर किती, यावर ठरतं. अॅम्बेसेडरचं ते अंतर २४६४ मिलिमीटर. गाडी साडेअकराशे किलोची, केंद्र ५५ सेंटिमीटरवर आणि त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या ०.४ पट धरलं तर शंभरेक किलो पुढून मागे जातात, पाटे मऊ असोत की कडक. मऊपणाने फक्त ते किती सावकाश येतात हे बदलतं. बाकी, गाडी एमआयडीसीतल्या वजनकाट्यावर नेऊन आधी फक्त पुढची चाकं, मग फक्त मागची चाकं चढवून दोन चिठ्ठ्या घ्या. जेवढे पैसे काटेवाला घेईल त्याच्या कितीतरी पट ते ज्ञान कामाला येतं.

नाकाचा कोन गाडी चाकांवर उभी असताना मोजायचा, जॅकवर कधीच नाही. जॉइंट शाफ्टच्या, म्हणजे गिअरबॉक्सकडून डिफ्रन्शियलला येणाऱ्या दांड्याच्या मानाने नाक तीन-चार अंश खाली ठेवलं की ताण आल्यावर ते वर येऊन सरळ रेषेत बसतं. त्यासाठी पाटा आणि अॅक्सल यांच्यात पोलादी पाचर घालतात. दोन्ही बाजूंची पाचर सारखीच हवी.

उजवं चाक जास्त फिरतं, हे माहीत असू द्या. शाफ्टचा पीळ अॅक्सलला डावीकडे दाबतो आणि उजवीकडे हलकं करतो. साध्या डिफ्रन्शियलमध्ये मग सगळी ताकद त्या हलक्या चाकातून निघून जाते. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो, तेवढा आपला फायदा. उरलेली कसर बारच्या रबराची फट उजवीकडे कमी ठेवून भरून काढता येते. माझ्या गाडीत डावीकडे १२ आणि उजवीकडे ६ मिलिमीटर आहे.

शॉकअप गळका असेल तर बदला. दांड्यावर ग्रीसचं बोट फिरवून ठेवा म्हणजे तो कुठपर्यंत आत गेला ते दिसेल.

हवा शेवटी, आणि शर्यतीच्या जागीच. सोलापूरच्या एप्रिलमध्ये सकाळी भरलेली हवा दुपारी तीच राहत नाही, दर पाच-सहा अंशांना साधारण एक पीएसआय फरक पडतो. मी साध्या रेडियल टायरमध्ये ३२ वरून २६ ला येतो, तिथून एकेक पीएसआय खाली. टायर आणि रिम यांवर खडूने एक सरळ रेघ ओढा. स्टार्टनंतर रेघ तुटलेली दिसली तर टायर रिमवर सरकलाय, हवा लगेच वाढवा.

तपासणीसाठी पाट्याच्या पुढच्या भागावर पांढऱ्या रंगाचा पट्टा मारा आणि कुणाला तरी सुरक्षित अंतरावरून मोबाइलवर स्लो मोशनमध्ये चित्रण घ्यायला सांगा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा. हे सगळं बंद आवारात, हेल्मेट घालून. विजापूर रोडवर किंवा पुणे हायवेवर रात्री स्टार्ट मारून बघणाऱ्यांना मी कळकळीने सांगतो, करू नका. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम १८९ प्रमाणे तो गुन्हा आहे, आणि समोरून येणाऱ्या दुचाकीवाल्याला तुमच्या पाट्यांशी काही देणंघेणं नाही.

शर्यत लोणावळ्याजवळच्या आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर, सोलापूरहून तिथपर्यंत सुमारे साडेतीनशे किलोमीटर पडतात. मी गाडी चालवतच नेतो, कारण नवे यू बोल्ट पहिल्या शंभर किलोमीटरमध्ये बसतात आणि थोडे ढिले होतात. टॉर्क रेंच आणि त्या आठ नटांना बसणारा सॉकेट डिकीत सगळ्यात वर ठेवा. टेंभुर्णीला चहाला थांबाल तेव्हा आधी गाडीखाली जा, आठही नट आवळा, मग चहा सांगा.