झडपेचा आजार आणि कॅल्शियमची गोळी : या चुका टाळा

टू-डी इकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) रिपोर्टात ‘महाधमनीच्या झडपेवर’, म्हणजे हृदयातून शरीराला रक्त नेणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीच्या तोंडावरच्या झडपेवर, ‘कॅल्शियम साचले आहे’ असे आले की काही घरांत दुसऱ्या दिवसापासून दूध, दही, नाचणी बंद होते. काही घरांत मात्र आजीची गुडघ्यासाठीची कॅल्शियमची गोळी तशीच चालू राहते. ती हाडाच्या डॉक्टरांनी दिलेली असते आणि हार्टच्या डॉक्टरांना तिचा पत्ताच नसतो.

दूध-दही तोडणे

झडपेवर साचते ते आपण प्यालेल्या दुधातून उतरून बसलेले नसते. वाढते वय, जन्मतःच तीनऐवजी दोन पाकळ्यांची झडप, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, किडनीचा आजार यांमुळे झडपेच्या पेशींना इजा होते. मग त्यातल्या काही पेशी हाड तयार करणाऱ्या पेशींसारख्या वागू लागतात. जेवणातले कॅल्शियम कमी करून हे थांबते, याला आधार नाही. ते थांबवणारे औषधही अजून मिळालेले नाही.

प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. २०० मिलीच्या पेलाभर दुधातून साधारण २४० मिलिग्रॅम मिळते आणि १०० ग्रॅम नाचणीतून साडेतीनशेच्या आसपास. राधानगरी-गगनबावड्याकडची नाचणी घरात असेल तर भाकरी, आंबील खुशाल चालू ठेवा. पांढऱ्या रश्शातल्या तिळाला घाबरू नका, घाबरायचे तर त्यातल्या मिठाला.

एक अपवाद आहे. कोल्हापुरात गंगावेशीतल्या कट्ट्यावर म्हशीचे धारोष्ण दूध पिण्याची आपली हौस झडपेच्या रुग्णाने सोडलेली बरी. न तापवलेल्या दुधातून ब्रुसेला नावाचा जंतू शरीरात जाऊ शकतो. क्वचित का होईना, तो झडपेवर घर करतो, आणि कृत्रिम झडप असेल तर ते निस्तरणे फार अवघड जाते. दूध उकळून प्या.

‘नुसतं कॅल्शियमच तर आहे’ म्हणून गोळी चालू ठेवणे

२०२२ मध्ये ‘हार्ट’ या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकमधल्या रुग्णांचा अभ्यास आला. महाधमनीची झडप सौम्य ते मध्यम अरुंद झालेले, साठीपुढचे २,६५७ रुग्ण त्यात होते. कॅल्शियमच्या गोळ्या घेणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण जास्त दिसले आणि झडप बदलण्याची वेळही जास्त जणांवर आली. नुसते ड जीवनसत्त्व घेणाऱ्यांत तसे दिसले नाही. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे, त्यावरून गोळीनेच घात केला असे म्हणता येत नाही. इकोमध्ये झडप अरुंद होण्याचा वेगही गोळी घेणाऱ्यांत ठळकपणे वेगळा नव्हता. तरीही माझे मत असे की महाधमनीची झडप अरुंद असेल आणि गोळीमागे ‘वय झालंय, घेतलेली बरी’ एवढेच कारण असेल, तर डॉक्टरांना विचारून ती बंद करावी आणि कॅल्शियम ताटातून घ्यावे.

हाडे ठिसूळ झाल्याचे तपासणीत निघाले असेल, त्यासाठी डेनोसुमॅबचे इंजेक्शन चालू असेल किंवा थायरॉइडच्या शस्त्रक्रियेनंतर कॅल्शियम खाली जात असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे मनाने गोळी थांबवली तर रक्तातले कॅल्शियम धोकादायक उतरू शकते. संधिवाताच्या तापाने झडप खराब झालेल्या गरोदर बाईनेही वरचा अभ्यास वाचून गोळ्या टाकू नयेत. तो तिच्या आजाराचा नाही.

स्ट्रिपची मागची बाजू न वाचणे

सगळ्यांत महाग पडणारी चूक ही आहे. धातूची झडप बसवलेल्या माणसाला रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन किंवा असेनोकुमॅरॉल जन्मभर घ्यावे लागते. ही औषधे के जीवनसत्त्वाचे काम अडवतात. आणि बाजारात हाडांसाठी मिळणाऱ्या कितीतरी कॅल्शियमच्या गोळ्यांत आता ‘के२-७’ घातलेले असते. नावात दिसतो फक्त ‘कॅल’, के२-७ असते मागच्या बारीक अक्षरांत. कुठे त्याला ‘मेनाक्विनोन’ म्हटलेले असते. ते थोडेसेच पोटात गेले तरी आयएनआर (रक्त किती पातळ आहे हे सांगणारा तपासणीतला आकडा) खाली येऊ शकतो, आणि मग झडपेवर गुठळी धरू शकते.

मेडिकलमध्ये ‘कॅल्शियमची गोळी द्या’ एवढेच म्हणू नका. ‘व्हॉल्व्ह बदललाय, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, के नसलेली द्या’ असे सांगा. आधीची कंपनी नाही म्हणून दुसरी हातात पडली तर घटक पुन्हा वाचा.

के२-७ असलेली गोळी महिना-दोन महिने पोटात गेलीच असेल तर? गुपचूप बंद करू नका. दरम्यान आयएनआर कमी आला म्हणून डॉक्टरांनी रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा डोस वाढवलेला असू शकतो. आता के थांबले की तोच डोस जास्त होईल आणि हिरड्यांतून, लघवीतून रक्त जाऊ लागेल. आधी डॉक्टरांना फोन करा, आयएनआर कधी तपासायचा ते विचारा. झडपेचा नेहमीचा टकटक आवाज मंद झाला, दम लागू लागला, बोलताना जीभ अडखळली किंवा हातातला जोर गेला, तर तपासणीची वाट न बघता थेट मोठ्या दवाखान्यात जा.

आठवड्याचे औषध रोज घेणे

६०,००० युनिटचे ड जीवनसत्त्व बहुधा आठवड्यातून एकदा, ठरावीक आठवडेच घ्यायचे असते. रोज घेतले तर रक्तातले कॅल्शियम चढते. उलट्या, फार तहान, बद्धकोष्ठ, भ्रमिष्टपणा ही त्याची लक्षणे. डिगॉक्सिन हे हृदयाचे औषध चालू असलेल्यांना तर हृदयाचे ठोके बिघडण्याचा धोका असतो. कॅल्शियमसाठी रोज चुना खाण्याचा सल्ला मोबाइलवर फिरतो, तोही सोडून द्या. त्यातून किती पोटात गेले याला काही माप नसते.

वेळांचा घोळ

१२५० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटच्या गोळीत प्रत्यक्ष कॅल्शियम ५०० मिलिग्रॅम असते. एका वेळी याहून जास्त घेतले तर नीट शोषले जात नाही. कार्बोनेट जेवणाबरोबर घ्या. पित्ताची गोळी रोज चालू असेल तर कार्बोनेटऐवजी कॅल्शियम सायट्रेट चालेल का, हे विचारा. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम यांत चार तासांचे अंतर हवे. लोहाची गोळीही वेगळ्या वेळी घ्या.