टीडीएस कापला गेलाय आणि कमाई बेताची : फ्रीलान्सरने रिटर्न कसं भरावं

‘बारा लाखांपर्यंत टॅक्स नाही ना, मग रिटर्न कशाला भरायचं?’ पगारी नोकरी नसलेल्या, कामागणिक पैसे घेणाऱ्या मंडळींकडून हे मी कितीदा तरी ऐकलंय. मीही त्यातलीच. घरून इंटिरिअरची ड्रॉइंग्ज करून देते. पहिल्या वर्षी एका फर्मने माझ्या बिलांतून चौदा हजार टीडीएस (पैसे देतानाच कापून सरकारकडे भरलेला कर) म्हणून कापले, तेव्हा वाटलं, सरकारजमा झाले, गेले. ते माझेच होते आणि रिटर्न भरून परत मागायचे होते, हे कळेपर्यंत ३१ डिसेंबर, म्हणजे उशिरा रिटर्न भरायचीही शेवटची तारीख, उलटून गेली होती. त्या तारखेनंतर ‘अपडेटेड रिटर्न’ भरता येतं खरं, पण त्यातून रिफंड मिळत नाही. उशीर माफ करा म्हणून खात्याकडे वेगळा अर्ज करावा लागतो.

तेव्हा आधी हे बघा की रिटर्न तुम्हाला भरावंच लागतं का. आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी नव्या करप्रणालीत ४ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर नाही. त्याच्या वर गेलात की रिटर्न बंधनकारक, मग शेवटी कर शून्य का येईना. ते बारा लाखांचं प्रकरण वेगळं आहे : तिथपर्यंत कर आधी मोजला जातो आणि मग कलम ८७ए खाली माफ होतो.

उत्पन्न ४ लाखांच्या आत असूनही काही जणांना सुटका नाही. वर्षभरात टीडीएस आणि टीसीएस (काही खरेदीवर विकणाऱ्याने वसूल केलेला कर) मिळून २५,००० किंवा जास्त कापला गेला असेल (ज्येष्ठ नागरिकांना ही मर्यादा ५०,००० आहे), पेशाची (प्रोफेशनची) एकूण जमा १० लाखांवर गेली असेल, परदेशवारीवर २ लाखांहून जास्त खर्च केला असेल किंवा विजेचं बिल वर्षाला १ लाखाच्या वर असेल, तर रिटर्न भरायचंच. वीजबिलाचं वाचून हसू येतं, पण एकत्र कुटुंबात मीटर एकाच्याच नावावर असतं, हे लक्षात ठेवा.

यातलं काहीच लागू नसेल आणि एक रुपयाही कापला गेला नसेल, तर भरलं नाही तरी चालतं. मी तरी भरा म्हणेन. पगाराची स्लिप नसलेल्या माणसाकडे बँक कर्जासाठी रिटर्नच मागते.

आता ‘उत्पन्न’ म्हणजे काय? खात्यात आलेली सगळी रक्कम नव्हे. इंटिरिअर, आर्किटेक्चर, इंजिनिअरिंग, वकिली, वैद्यकी, अकाउंट्स, आयटी अशा कायद्यात नेमून दिलेल्या व्यवसायांना कलम ४४एडीए वापरता येतं. एकूण जमेच्या निदान निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवायची, उरलेली खर्च धरली जाते. बिलं, वह्या काही ठेवाव्या लागत नाहीत. प्रत्यक्षात निम्म्याहून जास्त उरत असेल, तर जास्त दाखवा. छोट्या धंद्यांसाठी कलम ४४एडी आहे : बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या रकमेच्या ६ टक्के आणि रोखीच्या ८ टक्के. कमिशन आणि दलालीवाल्यांना मात्र ते चालत नाही.

माझ्यासारखीच एक धरू. एका आर्किटेक्टच्या फर्मकडून तिचं वर्षाचं बिल २,८०,०००. त्यातून १० टक्क्यांनी २८,००० कापले. दुसऱ्या फर्मकडून ४५,०००. वर्षाला ५०,००० च्या आत असल्याने तिथे कपात नाही. चार घरमालकांनी यूपीआयने मिळून ७५,००० दिले. एकूण जमा ४ लाख, उत्पन्न २ लाख, वर बचत खात्याचं व्याज ३,२००. कर शून्य. पण टीडीएस २५,००० च्या वर गेलाय, म्हणून रिटर्न बंधनकारक, आणि अख्खे २८,००० रिफंड.

भरायला बसण्याआधी आयकर खात्याच्या पोर्टलवरून फॉर्म २६एएस (तुमच्या पॅनवर कापलेल्या कराची यादी) आणि एआयएस (खात्याकडे नोंद झालेल्या तुमच्या उत्पन्नाचा आणि व्यवहारांचा तक्ता) उतरवून घ्या. घाई नको. जानेवारी ते मार्चच्या कपातीचा तपशील द्यायला कंपन्यांना ३१ मेपर्यंत मुदत असते, त्यामुळे जूनच्या मध्याआधी आकडे अपुरे असू शकतात. प्रत्येक बिल २६एएसशी ताडून पाहा. एकदा माझी एक कपात दिसेचना. बिल करणाऱ्याने पॅनमधला एक आकडा चुकवला होता. अशा वेळी त्यांच्या अकाउंटंटला बिलाच्या प्रतीसह मेल करा, दुरुस्ती त्यांनाच करावी लागते. उलट बाजूही बघा : वरच्या उदाहरणातले ४५,००० आणि ७५,००० २६एएसमध्ये नसतील, म्हणून ते सोडून द्यायचे नाहीत.

पॅन आधारशी जोडलेलं हवं, आणि रिफंड ज्या खात्यात हवाय ते पोर्टलवर व्हॅलिडेट केलेलं, म्हणजे पडताळून घेतलेलं हवं. हे आजच करून टाका, शेवटच्या आठवड्यात पोर्टल रडवतं.

फॉर्म आयटीआर-४, म्हणजे ‘सुगम’. असेसमेंट इयर, म्हणजे कमाईच्या वर्षानंतरचं कर मोजायचं वर्ष, २०२६-२७ निवडा. इथे बरेच जण २०२५-२६ वर बोट ठेवतात आणि मागच्या वर्षाचं रिटर्न भरून बसतात. नवी करप्रणाली आपोआप निवडलेली असते; जुनी हवी असेल तर फॉर्म १०-आयईए भरावा लागतो, बेताच्या कमाईला त्या भानगडीत पडण्यात अर्थ नाही. ४४एडीएच्या रकान्यात जमा ४,००,००० आणि उत्पन्न २,००,००० लिहा. ३१ मार्चला हातात असलेली रोख आणि लोकांकडून येणं किती, तेही विचारतात. खोटे गोल आकडे टाकू नका.

खरी गोम टीडीएसच्या तक्त्यात आहे. कापलेल्या रकमेसमोर ती जमा कोणत्या सदराखाली दाखवली, हे निवडायचं असतं. तिथे ‘व्यवसाय’ निवडा आणि जमा पूर्ण २,८०,००० लिहा, हातात आलेले २,५२,००० नव्हेत. हा आकडा जुळला नाही की रिफंड अडकतो. आणि फ्रीलान्सची कमाई ‘इतर उत्पन्न’ म्हणून आयटीआर-१ मध्ये घुसवायचा सोपा वाटणारा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

ऑगस्ट संपायच्या आत भरून मोकळे व्हा. २०२५ मध्ये मुदत १६ सप्टेंबरपर्यंत लांबली होती, म्हणून दरवर्षी लांबेल असं नाही. बंधनकारक असून उशीर झाला तर ५ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला १,००० रुपये भुर्दंड, त्याहून जास्त उत्पन्नाला ५,०००.

सबमिट दाबलं म्हणजे झालं असं समजून लॅपटॉप मिटू नका. ३० दिवसांत आधार ओटीपीने ई-व्हेरिफाय करायचं राहिलं, तर नंतर ज्या दिवशी कराल तीच रिटर्न भरल्याची तारीख धरतात; केलंच नाही, तर रिटर्न भरलंच नाही असं धरतात. वेळेत भरलं असेल तर रिफंडवर १ एप्रिलपासून महिन्याला अर्धा टक्का व्याज मिळतं; २८,००० सप्टेंबरमध्ये आले तर ८४० रुपये. ते पुढच्या वर्षीच्या रिटर्नमध्ये ‘इतर उत्पन्ना’त दाखवायचे. एआयएसमध्ये ते दिसतातच.