गावोगावी बालनाट्य शिबिरं घ्यायची असतील तर

मे महिन्यात गावोगाव फिरून मुलांची नाट्यशिबिरं घ्यायची आहेत, काय तयारी करू, असं विचारणारे बरेच जण भेटतात. बहुतेकांनी कॉलेजात एकांकिका स्पर्धा गाजवलेल्या असतात आणि पिशवीत एक छापील बालनाट्य तयार असतं. माझं पहिलं सांगणं त्या संहितेबद्दलच असतं: ती घरी ठेवा.

साधा हिशोब करा. शिबिर दहा दिवसांचं, रोज अडीच तास. म्हणजे हातात एकूण पंचवीस तास. पंचवीस-तीस मुलं. तयार नाटकात नाव घेण्यासारख्या भूमिका सात-आठ, बाकीच्यांना झाडं आणि शिपाई करून उभं करावं लागतं. पाठांतरातच निम्मं शिबिर संपतं. शिवाय ते संवाद ज्या मराठीत लिहिलेले असतात, ती मराठी त्या गावातलं एकही मूल घरी बोलत नसतं. मग मूल एका सुरात वाक्यं म्हणतं, पालक टाळ्या वाजवतात, आणि नाटक झालं असं सगळ्यांना वाटतं. मला वाटत नाही.

मी पहिले तीन दिवस नाटकाचं नावही काढत नाही. खेळ घेते. नाव सांगत उडी मारणं, आरशाचा खेळ, डोळे बांधून मित्राच्या आवाजामागे चालणं, वर्तमानपत्राच्या कागदापासून काहीही बनवणं. यातूनच कळतं की कोण पुढे घुसतं, कोण मागे राहतं, कुणाचा आवाज मोठा आहे पण कान बंद आहेत. चौथ्या दिवशी ओळखीची जागा देते: एसटी स्टँड, लग्नाची पंगत, आठवडी बाजार.

अकोल्याकडच्या एका तालुक्याच्या गावातला बाजार मला नेहमी आठवतो. मुलांनी ओढण्या पसरून दुकानं मांडली आणि सुरुवात केली ती थेट पाठ्यपुस्तकासारखी. ‘काकू, टोमॅटो कसे दिले?’ ‘वीस रुपये पाव किलो.’ संपलं. पुढे कुणालाच काही सुचेना. मी म्हटलं, घरी बोलता तसं बोला. एक मुलगी, तोपर्यंत भिंतीला पाठ लावून बसलेली, उठली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, ‘काल तं दहाले पाव होते ना वं!’ समोरची लगेच, ‘रातभर पाऊस झाला. अर्धे सडून गेले. तुले तेच देऊ का?’ सगळा वर्ग हसला आणि पुढची वीस मिनिटं तो बाजार थांबेचना. कुणी उधारी मागितली, कुणाची बकरी सुटली, अवकाळीनं झालेल्या नुकसानाची चर्चा निघाली. शेवटच्या दिवशी जे नाटक झालं त्याचा कणा हाच बाजार होता, आणि त्या मुलीला एकही वाक्य पाठ करावं लागलं नाही.

अशा वेळी हमखास कुणीतरी मोठं माणूस दारातून म्हणतं, ‘अगं, नीट शुद्ध बोल.’ एवढं एक वाक्य त्या मुलीला पुन्हा भिंतीपाशी नेऊन बसवायला पुरतं. म्हणून आयोजकांशी आणि तिथल्या शिक्षकांशी पहिल्या दिवसाआधीच बोलून घ्या. तालमीच्या वेळी मी बाहेरच्या कुणालाच आत बसू देत नाही. हे प्रेमानं पण ठाम सांगावं लागतं.

याचा अर्थ जुनी बालनाट्यं वाचू नयेत असा अजिबात नाही. सुधा करमरकरांनी १९५९ साली ‘लिटल थिएटर’ सुरू केलं, पुढे रत्नाकर मतकरींनी राक्षस आणि चेटकिणींचं अख्खं जग उभं केलं. पुण्यात १९८६पासून डॉ. मोहन आगाशे यांच्यामुळे बर्लिनचं ग्रिप्स थिएटर मराठीत आलं, ज्यात मोठे नट लहान मुलांच्या भूमिका करतात आणि विषय मुलांच्या रोजच्या जगण्यातले असतात. हे दोन्ही प्रवाह माहीत हवेत, कारण मुलं दोन्हीकडे ओढ घेतात. बाजाराच्या मधोमध चेटकीण यावी असा हट्ट धरतात. येऊ द्या. तीही भाव करेल.

फिरतीचं वेळापत्रक शाळांच्या सुट्ट्या ठरवतात. विदर्भात शाळा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात, म्हणून तिकडे दिवस जास्त मिळतात, पण अकोला, चंद्रपूरला मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. तिथे शिबिर सकाळी सातला सुरू करून साडेनऊला संपवायचं, पत्र्याचं छत असलेला हॉल घ्यायचा नाही. कोकणात वेगळीच गंमत. मे महिन्यात गटातली निम्मी मुलं मुंबईहून आलेली चुलत-मावस भावंडं असतात आणि त्यांचं परतीचं रिझर्व्हेशन तुमच्या प्रयोगाच्या आधीचं असू शकतं. पहिल्याच दिवशी जायची तारीख विचारून ठेवा. मालवणी बोलणारी आणि मुंबईची मुलं एकत्र आली की सुरुवातीला मुंबईची पुढे असतात. समुद्र, विहीर, आंबे काढणं असले विषय दिले की पारडं लगेच फिरतं.

सुरक्षिततेच्या बाबतीत तडजोड नको. एकटीनं किंवा एकट्यानं शिबिर घेऊ नका. सोबत एक स्थानिक ताई हवीच, आणि कुठलंही मूल कुणाही मोठ्या माणसाबरोबर बंद खोलीत एकटं राहता कामा नये. लैंगिक अत्याचारांपासून मुलांच्या संरक्षणाचा २०१२चा पॉक्सो कायदा नीट वाचा, कारण असा अत्याचार कळल्यावर तो कळवणं कायद्यानं बंधनकारक आहे. पालकांच्या फॉर्मवर आजार, ॲलर्जी आणि न्यायला कोण येणार हे लिहून घ्या. फोटो काढायची परवानगीही तिथेच.

माझ्या पिशवीत डफली, खडू, सुतळी, चिकटपट्टी, जुन्या ओढण्या, ओआरएस आणि प्रथमोपचाराची पेटी असते. स्पीकर नेत नाही. वीज गेली की तो निरुपयोगी, आणि डफलीवर पंचवीस मुलं शांत होतात.

पैशांचं आधी बोला, संकोच करू नका. निम्मं मानधन आगाऊ, प्रवास आणि राहणं वेगळं, हे सगळं लेखी. ‘कलेची सेवा’ म्हणून बोलावणारे पुष्कळ असतात. एका आयोजकांनी शेवटच्या दिवशी हार-नारळ देऊन निरोप दिला आणि मानधन पुढच्या वर्षीवर ढकललं, ते अजून आलेलं नाही. मे आणि दिवाळीची सुट्टी एवढाच या कामाचा हंगाम. उरलेल्या वर्षात शाळांची स्नेहसंमेलनं, शिक्षकांच्या कार्यशाळा आणि राज्य बालनाट्य स्पर्धेसाठी नाटक बसवून देणं यावर घर चालतं. शिबिरातलं नाटक पुढे स्पर्धेला किंवा तिकीट लावून करायचं झालं, तर नाटकाची संहिता तपासणाऱ्या सरकारी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र काढावं लागतं, त्यासाठी मुलांनी बोललेलं सगळं तेव्हाच लिहून ठेवा.

शिकायला पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, मुंबई विद्यापीठाची अकादमी ऑफ थिएटर आर्ट्स आहे, छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात नाट्यशास्त्र विभाग आहे. तिथली शिस्त उपयोगी पडतेच. पण लहान मुलांसमोर उभं राहायला शिकायचं तर शिबिरं घेणाऱ्या कुणाबरोबर तरी एक अख्खा मे महिना हजेरी घ्या, पाणी भरा, चपला रांगेत लावा आणि बघत राहा. त्यासाठी विचारणा जानेवारीतच करा, फेब्रुवारी संपेपर्यंत बहुतेकांचे गट ठरलेले असतात.